कानस मारलेली पट्टी

४ मार्च

ताई,

‘हिच्या हातानं झालं.’

हे वाक्य आधीच लिहून टाकते. शेवटी लिहीन म्हटलं तर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि पाकीट चिकटवताना लक्षात येईल की ते राहिलंच. बाबा दारात उभे राहून सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले होते. आवाजही चढवला नव्हता. मग सगळ्यांनी तुझ्या हातांकडे पाहिलं. तू ते पाठीमागे घेतलेस.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, मला ठाऊक आहे. पण मला ते ओळीनं लिहायला हवंय, कारण आज सकाळपासून माझ्या डोक्यात कशाचीच ओळ लागत नाहीये. आई वॉशिंग मशीनपाशी पडली होती. मशीनचा प्लग तू आदल्या दिवशी बदलला होतास. वायरमन आला. त्यानं प्लग उघडून उलटासुलटा केला, भिंतीवरून खाली जाणारी अर्थिंगची लोखंडी पट्टी पाहिली आणि म्हणाला, ‘अर्थिंग तर आहे. मग प्लगमध्येच काहीतरी गडबड झाली असणार.’ त्यावर बाबांचं ते वाक्य. मग तुझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा सुटला, मग घर सुटलं. मी तेव्हा शाळेत होते. मला कुणी काही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

आता आजचं. मी गाडी घेतली आहे. विजेवर चालणारी, लहानशी, पांढरी. माझं काम तुला माहीत आहे: लोकांच्या घरी जाऊन त्यांचे गुडघे, खांदे, पडून राहून आखडलेले हात हलवून द्यायचे. दिवसभर गावाच्या या टोकाहून त्या टोकाला. पेट्रोलला पैसे पुरेनात, म्हणून ही. गाडीबरोबर कंपनीनं घरी बसवायचा चार्जर दिला आणि तो बसवायला एक माणूस पाठवला. मी त्याला मनातल्या मनात चार्जरवाला म्हणते. गोल पोटाचा, सतत बोलणारा, भिंतीत एक भोक पाडलं की दोनदा चहा मागणारा.

पोर्चच्या भिंतीवर त्यानं चार्जर बसवला, मीटरबोर्डापासून जाड केबल आणली, बटण दाबलं. चार्जरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. हिरवा लागायला हवा होता म्हणे. त्यानं बंद केला, चालू केला. लाल. त्यानं चार्जरला एक टपली मारली. लाल. मग तो कंपनीला फोन करून तावातावानं भांडला, की माल खराब पाठवता आणि शिव्या आम्ही खायच्या. दुपारी दुसरा चार्जर घेऊन आला. तोही लाल.

“मॅडम, तुमची गाडी भलतीच लाडावलेली दिसतेय,” तो म्हणाला. “उपाशी राहीन, पण तुमच्या घरचं खाणार नाही म्हणते.”

मी हसले. मग त्यानं पिशवीतून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला, बोर्डाच्या खालच्या बाजूला कुठंतरी टेकवला आणि त्याची बडबड थांबली.

“या घराला अर्थिंग नाहीये,” तो म्हणाला.

मी त्याला पट्टी दाखवली. तीच, भिंतीवरून खाली उतरून पोर्चच्या फरशीत शिरणारी. त्यानं ती पाहिली, वायर टेकवली, डोकं हलवलं. “आहे, पण पोचत नाही. खाली कुठंतरी तुटलीय. सडली असेल. फरशी उकलून बघावं लागेल.”

बाबा खिडकीत होते. ते आतून म्हणाले, “फरशीला हात लावायचा नाही.”

ताई, बाबा हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत. जेवणात मीठ नसलं तरी बोलत नाहीत. त्यांचा असा आवाज मी विसरूनच गेले होते.

मी त्याला उद्या यायला सांगितलं आहे. हे पत्र तू काम करतेस त्या रोपवाटिकेच्या पत्त्यावर पाठवते, कारण तुझ्या घरचा पत्ता तू मला दिलेला नाहीस. हे रागानं लिहीत नाहीये.

तुझी धाकटी


६ मार्च

ताई,

काल फरशी फोडली. बाबांना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, रिक्षात बसवून, माझ्या लेकीला सोबत देऊन. तपासणी पुढच्या महिन्यात होती, ती आधी करून घेतली. लेकीला म्हटलं, आजोबांना येताना बागेत बसव. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला सगळं कळतंय.

ती फरशी तुला आठवत असेलच. बाबांनी नकाशाच्या कागदावर, कचेरीतल्या पेनानं आखली होती. मधे आठ पाकळ्यांचं फूल, कडेनं काळी-पांढरी पट्टी, कोपऱ्यांत चौकटी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे आराखडे काढले, हा एक माझ्या घराचा, असं म्हणायचे. आई गमतीनं म्हणायची, ‘माझ्या लग्नातसुद्धा यांनी एवढं बारीक लक्ष दिलं नव्हतं.’ घरी येणाऱ्यानं फुलावरून चालायचं नाही, कडेकडेनं यायचं. त्या उन्हाळ्यात फरशी झाली आणि पावसाळा संपायच्या आत आई गेली.

चार्जरवाल्यानं पट्टी जिथं जमिनीत शिरते तिथली एक काळी फरशी छिन्नीनं उचकटली. खाली सिमेंट. ते फोडलं. वीतभर खाली पट्टी आडवी वाकवलेली होती आणि तिथंच संपली होती.

तुटलेली नव्हती, ताई. सडलेलीही नव्हती. कापलेली होती. सरळ, काटकोनात.

“हॅक्सॉनं कापलीय कुणीतरी,” तो म्हणाला. मग बोटानं सिमेंटची माती पुसून त्यानं टोक चाचपलं आणि मोठ्यांदा हसला. “आणि हे बघा, मॅडम. कडांना कानस मारलीय! अहो, गाडून टाकायच्या पट्टीला कानस कोण मारतं? आतल्या गांडुळांना लागू नये म्हणून?”

मी टोकाला हात लावला. गुळगुळीत होतं. कोपरे किंचित गोल केलेले.

तू आणि मी एकाच घरात वाढलो, म्हणून मी तुला याच्यापुढे काही सांगायला नको. आपल्या शाळेच्या पट्ट्यांचे कोपरे कुणी घासून दिले होते? डब्याच्या झाकणाची कड कुणी घासायचं? पडद्याची सळई कापली की तिचं टोक घासल्याशिवाय वर न चढवणारा माणूस आपल्या घरात एकच होता. भिंतीत जाणार, कुणाला दिसणार नाही, असं आई म्हणायची. ‘मला माहीत असतं ना,’ असं तो म्हणायचा.

चार्जरवाला अजून हसत होता. मला वाटतं, मी तिथं फरशीवर बसले, त्या फुलावर. तो घाबरला, पाणी देऊ का म्हणाला. मी विचारलं, “समजा, पूर्वी एखादी बाई ओल्या हातानं वॉशिंग मशीनला शिकली असती आणि मशीनच्या पत्र्यात करंट उतरलेला असता, तर?” नाही, शिकली नाही, शिवली. बघ, माझं काय होतंय. खोडत नाही, तसंच ठेवते.

तो म्हणाला, “अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता. बाई म्हणाली असती, वीज गेली वाटतं. नसेल तर मग बाईच अर्थिंग.”

त्याला काही माहीत नाही. त्यानं आपलं उत्तर दिलं आणि तो छिन्नी पुसायला लागला.

म्हणजे खड्डा. फुलाच्या एका पाकळीखाली अर्थिंगचा खड्डा येत असणार, मीठ-कोळशाचा, त्यावर लोखंडी झाकण, वरून वेळोवेळी पाणी ओतायचं. मधोमध झाकण आलं असतं. आराखडा बिघडला असता.

मी बाबांना अजून काही बोललेले नाही. ते आले, त्यांनी उकरलेली जागा पाहिली आणि चष्म्याच्या नव्या नंबरबद्दल बोलायला लागले.

धाकटी


७ मार्च

ताई,

कालचं पत्र सकाळी टाकलं आणि परत आले. आता हे.

मला वाटलं होतं, बाबांना ठाऊक नसणार. एका हौशी माणसानं झाकण नको म्हणून पट्टी कापली, कशासाठी असते ते त्याला कळलं नाही, आणि मग घडलं ते त्यानं कधी त्याच्याशी जोडलं नाही. असंच असेल, असं मी स्वतःला समजावत होते. तुला लिहायचं वाक्यसुद्धा तयार होतं: त्यांना कल्पना नव्हती.

आज दुपारी बाबा पाणी प्यायला उठले. फ्रीजसमोरच्या रबरी मॅटवर दोन्ही पाय ठेवले, मॅटच्या आत आहेत ना ते पाहिलं आणि मग दाराला हात लावला. रोज करतात तसंच.

माझ्या हातातली प्लेट सुटली.

तुला ही मॅट माहीत नाही. तू गेल्यावर आली. फ्रीजपुढे एक, मिक्सरच्या ओट्यापुढे एक, पंप चालू करायच्या बटणाखाली लाकडी पाट. इस्त्री करताना रबरी चप्पल. घरात वॉशिंग मशीन पुन्हा आलंच नाही, गीझर नाही, लोखंडी टेबलफॅनसुद्धा देऊन टाकला आणि प्लॅस्टिकचा आणला. मी अनवाणी फ्रीज उघडला म्हणून त्यांनी एकदा माझ्या पाठीत धपाटा घातला होता, आयुष्यातला एकच. माझी लेक रांगायला लागली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला फळी ठोकली. मला वाटायचं, बिचारे. आईच्या जाण्यानं विजेची धास्ती घेतली. मी लोकांना कौतुकानं सांगायचे.

धास्ती घेतलेला माणूस वायरमनला बोलावतो, ताई. सगळं घर तपासून घेतो. आपल्याकडे इतक्या वर्षांत एकदाही वायरमन आला नाही. बिघडलेलं बटणसुद्धा बाबा स्वतः बदलायचे, आणि मला वाटायचं, हौस.

त्यांना नेमकं ठाऊक होतं कुठं काय नाहीये. घरभर मॅट अंथरून ठेवल्या होत्या त्यांनी. आणि मी त्या दर रविवारी धुऊन वाळत घालत होते.

मी तुकडे गोळा केले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले. जे बोलणं झालं, ते जसं झालं तसं लिहिते.

“बाबा, पट्टी तुम्ही कापलीत?”

“गवंडी नको म्हणत होता. मीच कापली.”

“कशासाठी असते ते ठाऊक नव्हतं?”

“ऐकून होतो. पण शेजारीपाजारी कुणाचा खड्डा धड होता? सगळ्यांचे कोरडे पडलेले. कुणाला काही झालं नव्हतं.”

“मग कधी कळलं?”

ते नव्या चष्म्याच्या काड्या उघडमीट करत राहिले. मला वाटलं, सांगतील, काही वर्षांनी. म्हातारपणी. कुठंतरी वाचून.

“तो वायरमन म्हणाला ना, अर्थिंग तर आहे,” बाबा म्हणाले. “पट्टीकडे बोट दाखवून. तेव्हा.”

“तेव्हा म्हणजे?”

“तेव्हाच. तो बोट दाखवत होता आणि मला पट्टीचं खालचं टोक दिसत होतं.”

“आणि मग तुम्ही ते म्हणालात?”

“तोंडातून निघालं.”

“बाबा, तुम्हाला ठाऊक असताना?”

“निघालं तोंडातून. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. मला एकदम… मला हलकं वाटलं गं.”

हे मी तुला लिहावं की नाही, यावर सगळी संध्याकाळ गेली. लिहिलं आहे. खोटं, मऊ केलेलं काही तुला द्यायचं नाही, असं ठरवलं आहे.

मी विचारलं, ताई बॅग भरत होती तेव्हा कुठं होतात? म्हणाले, जिन्यात. म्हणाले, दोन पायऱ्या चढलो होतो. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, “ती तरुण होती. हुशार होती. कुठंही उभी राहिली असती. मला धरून नेलं असतं तर तू कुणाकडे राहिली असतीस?”

म्हणजे माझ्यासाठी. इतक्या वर्षांनी त्यांनी ते माझ्या पदरात टाकलं, अगदी अलगद, जसा मी एखाद्या पेशंटचा दुखरा हात उशीवर ठेवते. मी ओरडले असते, पण लेक शाळेतून आली.

ती म्हणाली, “प्लेट कुणी फोडली?”

बाबा म्हणाले, “मी.”

आणि वाकून तुकडे वेचायला लागले. मी त्यांना वेचू दिले.

धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन गेल्यावर मी ते फाटकातच वाचलं. ना ‘प्रिय’, ना सही. एकच ओळ: ‘मशीनची बॉडी लाइव्ह झाली कशी, ते त्या माणसाला विचारलंस का?’

आधी मला हसू आलं. इतक्या वर्षांनी तुझं पहिलं पत्र आणि त्यात पत्र्यात करंट कसा उतरला, ही तांत्रिक शंका! मग मी गाडीत जाऊन बसले, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आले नाही. कारण मला कळलं, तू काय विचारते आहेस. पट्टी कापली होती, हे तुला पटलं. पण तू अजून तुझ्या प्लगमध्येच बघते आहेस. मी तुला भेटायला आले होते तेव्हा रोपवाटिकेच्या खोलीतला बल्ब गेला होता, आणि तू वॉचमन येईपर्यंत अंधारात पावत्या फाडत बसली होतीस. मी म्हटलं, अगं, बदल ना. तू म्हणालीस, ‘मी नाही हात लावत.’ तेव्हा मला वाटलं होतं, तू मला टोमणा मारते आहेस.

विचारलं मी त्याला. नवं अर्थिंग करायला आला होता तेव्हा. त्यानं घराच्या बाजूला, फरशीपासून लांब, नवा खड्डा घेतला, तांब्याची सळई पुरली. मी सगळं खरं सांगितलं त्याला, आई, प्लग, तू. त्यानं सळईभोवती माती लोटली. मग म्हणाला, “कशीही होते हो. आतली वायर पत्र्याला घासते, मोटर ओलावते. उंदीर कुरतडतात.”

“प्लग चुकीचा जोडला तर?”

“तरी होते,” तो म्हणाला. आणि माझा चेहरा बघून घाईनं, “पण तो जोडून मशीन चालवून बघितलं असेल ना त्यांनी? काही झालं होतं का?”

चालवलं होतंस. मला आठवतंय, संध्याकाळी तू माझे शाळेचे कपडे लावलेस त्यात. हात लावून बघितलंस. दोनदा. मी शेजारी उभी होते. पण तुझ्या पायांत चप्पल होती की नव्हती, हे मला आठवत नाही, ताई. मी खूप आठवून पाहिलं. मशीन भंगारात गेलं, प्लग कुठं गेला कुणाला ठाऊक. तुझी वायर बरोबर होती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढंच सांगू शकते, की चुकली असती तरी आई उठून म्हणाली असती, वीज गेली वाटतं. तेवढी चूक झाकायलाच तर ती पट्टी असते. कुणीही करावी अशी चूक. ती झाकायची जागाच काढून घेतलेली होती.

चार्जरचा दिवा हिरवा लागला. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मला काहीच वाटलं नाही.

बाबांनी मला सांगितलं होतं, ‘तिला कळवू नकोस. मी गेल्यावर कळव.’ मी म्हटलं, तीन पत्रं गेली. त्यांनी मान हलवली, जशी पावसाची बातमी ऐकून हलवावी. त्यानंतर घरात आमच्या दोघांचं बोलणं नाही. मी वाढते, ते जेवतात. लेक मधे बसून दोघांशी आळीपाळीनं बोलते, तिला वाटतं आम्हाला कळत नाही.

काल मात्र वेगळंच झालं. मी कामावरून आले तर समोरच्या काकू आमच्या पायरीवर बसलेल्या. तुला आठवतात ना? त्या दिवशी तुझ्या पाठीमागे उभ्या होत्या. आता खूप वाकल्या आहेत, पण जीभ शाबूत आहे.

“तुझे बाबा आले होते माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. म्हणाले, पोरीच्या हातानं काही झालं नव्हतं, माझ्या हातानं झालं. आणि गेले.”

मी म्हटलं, “काकू, चहा ठेवू?”

“चहा कसला ठेवतेस! त्या पोरीला मी… अगं, माझ्या भाचीला बघायला लोक आले होते, तेव्हा ती दारात आली, तर मी तिला म्हटलं, तू आज नको येऊस. असं म्हटलं मी तिला.” मग एकदम त्यांनी आमच्या पोर्चकडे हात केला. “आणि ह्यांच्या ह्या फरशीवर इतकी वर्षं मी चपला काढून, कडेकडेनं चालत आले हो! फुलावर पाय पडू नये म्हणून!”

त्या उठल्या, चप्पल पायात सरकवली आणि सगळ्या पाकळ्या तुडवत, काठी आपटत, मधोमध चालत फाटकापर्यंत गेल्या. बाबा खिडकीत होते. त्यांनी पाहिलं.

धाकटी


२५ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललेले नाही. तरी लिहिते, कारण आता तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे.

काल सकाळी बाबा इस्त्री केलेला शर्ट घालून गाडीत येऊन बसले. मी कामाला निघाले होते. म्हटलं, कुठं? ते म्हणाले, “तिच्याकडे.”

मी म्हटलं, “माफी मागायला?”

“नाही,” ते म्हणाले. “माफी कसली मागू. ती देणारही नाही, आणि देऊ नये. मी चारचौघांत बोललो होतो, तर चारचौघांत फिरवायला हवं. आता चारचौघे उरले कुठं? एक त्या समोरच्या होत्या, त्यांना सांगितलं. आता तीच उरली. तिनं स्वतःच ते ऐकून ठेवलंय, तिला सांगायला हवं.”

मी त्यांना उतरवलं नाही. तसंच पहिल्या पेशंटच्या घरापर्यंत घेऊन गेले. मी वर त्या आजींचा खांदा हलवत होते आणि बाबा खाली गाडीत सीटबेल्ट लावून बसून होते. खिडकीतून दिसत होते. मला त्यांचा राग येत होता, इतका की आजी म्हणाल्या, “हळू गं, बाई.” आणि त्याच वेळी वाटत होतं, ऊन येतंय त्यांच्या अंगावर, काच खाली करायला हवी होती. हे दोन्ही एकदम कसं वाटतं, मला समजत नाही. तुला समजायची गरजही नाही. मी त्यांच्या बाजूनं लिहीत नाहीये. मी त्यांच्याशी अजून धड बोलत नाही.

पण त्यांना तुझ्याकडे आणायचं, असं मी ठरवलं आहे. त्यांच्यासाठी नाही. तू ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं होतंस, माझ्या पत्रांतून ते पुसलं जाणार नाही, हे तुझ्या कार्डावरून मला कळलं.

अडचण अशी आहे. तुझं गाव माझ्या गाडीच्या बेताबाहेर नाही, पण अगदी काठावर आहे. पोचेपर्यंत बॅटरी संपत आलेली असेल. वाटेत चार्जर आहेत ते दोन, आणि त्यांतला एक कायम बंद असतो, असं चार्जरवाला म्हणाला. त्यानं मला एक लांब केबल दिली आहे, साध्या मोठ्या प्लगची. भिंतीतल्या कुठल्याही तीन पिनांच्या मोठ्या सॉकेटला लावायची. मात्र तिच्यावर गाडी फार सावकाश भरते. सगळी रात्र लागते.

म्हणजे आम्हाला तुझ्याकडे एक रात्र राहावं लागेल. घरात घेतलं नाहीस तरी चालेल, मी आणि बाबा गाडीत झोपू. लेकीला इथं काकूंकडे ठेवते. तू बाबांचं बोलणं दारात ऐक, दार न उघडता ऐक, किंवा ऐकून त्यांना वाटेल ते बोल. त्यांनी जेवण मागितलं तर नाही म्हण. मी मधे पडणार नाही.

फक्त सॉकेट लागेल. आणि आणखी एक. या केबललाही तो दिवा आहे. घराला अर्थिंग नसेल तर ती लाल होते आणि गाडी भरत नाही. तेव्हा मला आधी कळायला हवं. तो बल्ब लावून बघायचं काम चुटकीसरशी होतं. पण तू वॉचमनला बोलावशील, शेजाऱ्यांना बोलावशील, किंवा हे पत्र कचऱ्यात टाकशील आणि कुणालाच बोलावणार नाहीस. मला बहुतेक तिसरंच वाटतं. तू नाही म्हणणार, हे मी पाकीट चिकटवायच्या आधीच ओळखून आहे.

तरी विचारते. सोबत उत्तरासाठी माझा पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवलं आहे, त्यावर तुझ्या घरचा पत्ता लिही. आणि ताई, तुझ्या घराला अर्थिंग आहे का, ते तू स्वतःच्या हातानं बघून कळवशील?

धाकटी